‘त्याच्या आधी?’ विचारणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टर गजभियेंनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. "लांब श्वास घ्या अन् एकपासून मोजा. मधात श्वास घ्याचा नाही," एवढंच म्हणाल्या. मी उपकेंद्रात रक्तदाब तपासायला गेले होते. श्वासाची माझी काही तक्रार नव्हती आणि तसं मी सांगितलंही.

"तक्रार नाही तेव्हाच मोजून ठेवाचं असते, वहिनी. तक्रार आल्यावर मोजलं, तं कमी झालं का जास्त, कशावरून समजन?"

मी मोजलं. एकोणतीसला अडकले. त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढून माझ्या नावापुढे २९ लिहिलं. (नाव त्यांना आधीच ठाऊक होतं.) त्या वहीत अख्ख्या गावाचा श्वास होता. शाळेतली पोरं, दळणाला आलेल्या बाया, पानठेल्यावरचे रिकामटेकडे, कोणी सुटलं नव्हतं. सरपंच बावीसला थांबले होते आणि "घाईत होतो" असं सांगून गेले होते. सिस्टरनी त्यांच्या नावापुढे '२२, बिडी' असं लिहिलं होतं.

आमचं गाव लाखनीहून आत, हायवे सोडून आठ-नऊ किलोमीटरवर. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि एक बंद पडलेला हातपंप. सहा वर्षांपूर्वी सिस्टर तिथे बदलून आल्या. बुटक्या, सावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पांढरं पातळ, पायात रबरी बूट, मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ. बोलणं इकडचंच, कारण त्याही याच जिल्ह्यातल्या, पवनीकडच्या. त्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच बोलल्या. ते पुढे येईल.

दम लागलेलं माणूस आलं की सिस्टर त्याला बसवत, डॉक्टरांनी ठरवून दिलेला श्वासाचा पंप देत, गरज पडली तर गाडी बोलावून लाखनीच्या रुग्णालयात पाठवत. हे कोणतीही नर्स करते. सिस्टरचं खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होई. त्या त्या माणसाच्या घरी जात. पुढे केलेल्या खुर्चीवर बसत नसत. थेट आत शिरत, उशी उचलून झटकत, गोधडीचा वास घेत, धानाच्या ढोलीमागे वाकून पाहत. घरातल्या बाईला हे झोंबायचंच. आपल्या घरात परकी बाई गोधडी हुंगते, हे कोणाला आवडेल? मग प्रश्न सुरू होत.

"दम कधी लागला?"

"जेवल्यावर."

"त्याच्या आधी?"

"आधी झोपून होतो."

"त्याच्या आधी?"

असं मागे मागे जात राहायचं. माणूस वैतागेपर्यंत. एका म्हातारीनं चिडून ऐकवलं, "त्याच्या आधी मायं लगन झालं होतं, बाई!" सिस्टर हसल्या नाहीत. पेन तसंच धरून त्यांनी विचारलं, "कोणत्या महिन्यात?"

"दमा हवेतून येत नाही. कशातून तरी येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "दम मले दिसते. दमाच्या मागं कोण उभं आहे, ते दाखवा."

किराणा दुकानदाराच्या आईला रोज सकाळी आठच्या सुमारास दम लागायचा. सुनेला वाटे, सासू कामाच्या वेळी सोंग करते. सासूला वाटे, देवाचं काही चुकलं. म्हणून ती पूजा आणखी वाढवी आणि दम आणखी वाढे. सिस्टर दोन सकाळी तिथे जाऊन बसल्या. देवघर म्हणजे बिनखिडकीचा कोनाडा, आत धूप, कापूर आणि एका वेळी पाच उदबत्त्या. "आजी, देवाले उजेड लागते, धूर नाही लागत," त्या म्हणाल्या. "दिवा लावा. तो पावन नाही पावन ते पुढचं पुढं, पण तुमचा श्वास तं पावन." म्हातारीनं आठ दिवस नुसता दिवा लावला. दम गेला. सासूचं सोंग नव्हतं हे कळल्यावर सुनेचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

सगळं असंच बरोबर येई, असं मात्र नाही. नामदेवबुवांच्या दम्याचा आळ सिस्टरनी त्यांच्या शेळीवर घेतला. शेळी घरातच बांधायचे, केस अंथरुणावर. ती शेळी सहा दिवस माझ्या गोठ्यात होती आणि तिनं माझा अख्खा पालकाचा वाफा खाल्ला. बुवांचा दम होता तसाच. सातव्या दिवशी सिस्टरना त्यांच्या खाटेखाली डासांची उदबत्ती सापडली. ती काढली, दम थांबला. दुसरी एखादी नर्स गप्प बसली असती. सिस्टर माझ्या गोठ्यात आल्या, शेळीचं दावं स्वतः सोडलं आणि बुवांच्या बायकोच्या हातात देताना म्हणाल्या, "चूक मायी झाली. शेळी निर्दोष आहे." बुवांची बायको म्हणाली, "मले माहीत होतं." गावात महिनाभर हाच विनोद चालला. कोणी शिंकलं तरी लोक म्हणत, "सिस्टरले बोलवा, शेळी बांधून ठेवतो." सिस्टरनी तो निमूटपणे सोसला. वहीत त्यांनी एवढंच लिहून ठेवलं: 'एका वेळी एकच वस्तू हलवायची.'

आता कौसल्येचं सांगते, कारण सिस्टर गजभिये म्हणजे काय हे मला तिच्यामुळे कळलं. त्यात माझाही हात होता, आणि तो चांगला नव्हता.

कौसल्या आमच्या गावच्या रोवणीच्या टोळीची म्होरकी. टोळीत चौदा बाया. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून चिखल केलेल्या बांधीत, खाचरात रोवायचे, ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून. कोणाच्या शेतात कधी जायचं, कोण कुठे उभी राहील, कोणाचं तान्हं कुठे झोपेल, सगळं कौसल्या ठरवी. आणि ती गाई. तिनं एक ओळ म्हणायची, तेराजणींनी उचलायची आणि त्या तालावर हात चालायचे. तिचा आवाज तीन बांध्या पलीकडे जाई. मी शेत पाहते, नवऱ्याची नोकरी भंडाऱ्याला. मला टोळी वेळेवर मिळणं म्हणजे काय हे नवऱ्यापेक्षा जास्त कळतं, आणि कौसल्या असली की टोळी वेळेवर येई.

मग एका साली तिला रोवणीतच दम लागू लागला. पहिल्यांदा लागला तो माझ्याच बांधीत. संध्याकाळी पाचच्या पुढे ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन बसली, खांदे वर ओढून, ओठ निळसर. सिस्टरना फोन केला, त्या स्कूटीवर आल्या, पंप दिला आणि त्या अवस्थेतही तिच्याकडून मोजून घेतलं. सात. सातच्या पुढे तिला जाता येईना. त्या हंगामात असं चारदा झालं. माझ्याकडे दोनदा, दुसऱ्या दोन शेतांत एकेकदा.

गावानं निदान केलं: चिखल बाधला. चिखलाची वाफ छातीत गेली. पुढच्या साली तिच्या नवऱ्यानं, देवरामनं, तिला रोवणीला जाऊच दिलं नाही. अख्खा हंगाम ती घरी बसली आणि एकदाही दम लागला नाही. "पायलं?" देवराम सगळ्यांना सांगत सुटला, "चिखल सुटला, दम सुटला." टोळी विस्कटली. सहाजणी दुसरीकडे गेल्या, उरलेल्या आपसांत भांडल्या. माझी रोवणी पंधरा दिवस लांबली. मी कौसल्येच्या घरी गेले, तर ती ओसरीत तांदूळ निवडत होती. बाहेरून दुसऱ्या टोळीच्या गाण्याचा आवाज येत होता. तिनं मान वर केली नाही. "काकू, मी जिवंत आहो, एवढंच," ती म्हणाली. घरात करपल्याचा वास होता. चुलीवरची डाळ जळून गेली होती आणि दोन पावलांवर बसलेल्या तिला पत्ता नव्हता.

मी हे सिस्टरना सांगितलं, तक्रार म्हणून, की बाई अशी हरवल्यासारखी झाली आहे. त्यांनी लगेच वही काढली. "डाळ जळली अन् तिले वास नाही आला?"

"तिचं नाक नेहमीच चोंदलेलं असतं."

त्यांनी 'नाक' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग देवरामला गाठायला निघाल्या. मीही मागे गेले, माझ्या रोवणीचा प्रश्न होता.

देवराम ठाम होता. "सिस्टरबाई, घरी बसली तं दम नाही लागला. आणखी काय पुरावा पाह्यजे तुमाले?"

तेव्हा सिस्टर पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा आपल्या गावाबद्दल बोलल्या. "माया आईले नदीकाठी रोज संध्याकाळी दम लागे. सारे म्हणत, नदीची हवा. धरण आलं, गाव गेलं, आमी पुनर्वसनात गेलो. आईचा दम थांबला. सारे म्हणाले, पहा, नदीचीच हवा होती. मले बी तसंच वाटलं. पाच वर्षांनं आई बाजारात सुकी मासोळी विकाले बसली अन् पुन्हा दम सुरू. तिथं कुठं होती नदी? गावात होतो तेव्हा ते रोज दुपारी सुकी मासोळी निवडे, पाखडे. त्या भुकटीचा दम होता. नदी अन् मासोळी एकाच दिवशी सुटली, म्हणून नदीवर आळ आला." मग त्या म्हणाल्या, "तुह्या बायकोचा चिखल सुटला, हे खरं. पण चिखलासंग आणखी काय काय सुटलं, ते पायलं का तू?"

कौसल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "दम सकाळी कधीच नाही लागला मले. पाचच्या पुढंच लागे."

"ऐक," सिस्टर म्हणाल्या, "सकाळचा चिखल अन् संध्याकाळचा चिखल वेगळा असते का गा, देवराम?"

बरीच वादावादी होऊन देवरामनं एक हंगाम दिला, तोही अट घालून. "येत्या साली एकदा जरी दम लागला, तं मंग ते बांधीत पाय ठेवणार नाही. जिंदगीभर. अन् तुमी मधात पडाचं नाही."

"नाही पडणार," सिस्टर म्हणाल्या. कौसल्येनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मी नजर दुसरीकडे वळवली. गाणं, टोळी, गावातली तिची जागा, सगळं त्या एका हंगामावर टांगलेलं होतं.

पुढच्या साली रोवणीचा पहिला दिवस माझ्या शेतात ठरला. सिस्टरनी सुटी टाकली. सकाळी सात वाजता त्या माझ्या धुऱ्यावर छत्री, वही, पाण्याची बाटली आणि डॉक्टरांना विचारून आणलेला पंप घेऊन हजर. कौसल्येनं चिखलात उतरण्याआधी मोजलं: अठ्ठावीस. दोन तासांनी: अठ्ठावीस. दुपारी भाकर खाल्ल्यावर: सत्तावीस. सिस्टर मधल्या वेळात धुऱ्यावरचं गवत तपासत, आजूबाजूला कोणी फवारणी करतंय का पाहत, बायांच्या डोक्यावरच्या प्लास्टिकच्या घोंगड्या हुंगत. टोळीतल्या बाया टर उडवत होत्या.

"सिस्टरबाई, बेंडकाले बी मोजाले लावा!"

"त्याले दम नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुले आहे. तू तंबाखू खाऊन अठराला थांबली होतीस, विसरली का वं?"

चार वाजता मी नेहमीसारखी चहा घेऊन गेले. किटली, पेले आणि माझा स्टीलचा डबा. माझ्या चार वाजताच्या चहाची गावात ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता. दिवसभर वाकून कंबर मोडलेल्या बायांना मी चहाबरोबर एकेक कंबरदुखीची गोळी देत असे. लाखनीच्या दुकानातून पाकीटच आणून ठेवायचे. गोळी घेतली की बाई रात्री झोपते आणि सकाळी वेळेवर येते. त्यात माया किती आणि माझी सोय किती, याचा हिशोब मी कधी केला नाही. माझं पाहून आणखी दोन-तीन शेतमालकांनीही हेच सुरू केलं होतं.

बाया ओळीनं धुऱ्यावर बसल्या. मी पेला देत होते, गोळी देत होते. कौसल्येनं हात पुढे केला, गोळी तळहातावर घेतली.

"थांब!"

सिस्टर ओरडल्या तशी मी दचकले आणि चहा माझ्याच पायावर सांडला. त्या चिखलातून धावत आल्या, कौसल्येच्या हातातली गोळी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"काहून वं कौसल्ये, मी तुले दहादा विचारलं, काही औषध घेतेस का? तू म्हणालीस, काही नाही."

कौसल्या गोंधळली. "औषध कुठं आहे हे? हे तं चायसंग भेटते."

टोळीतल्या बाकीच्या बायाही माना डोलवू लागल्या. खरंच, कोणालाच ते औषध वाटत नव्हतं. औषध म्हणजे डॉक्टर देतो ते, चिठ्ठीवरचं. हे चहाबरोबरचं. साखरेसारखं.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "वहिनी, गोळी कधीपासून देऊन राहिल्या?"

मी सांगितलं. सांगतानाच माझ्या लक्षात आलं. मी ज्या साली गोळ्या सुरू केल्या, त्याच साली कौसल्येचा दम सुरू झाला होता.

"पण बाकीच्या तेराजणींना काही होत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "म्हणजे मी हिला विष देऊन राहिली होती का?"

"तेराजणींसाठी गोळी आहे. चौदावीसाठी विष आहे. गोळीले काय माहीत, कोण कोणती?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्या काही-काही लोकांच्या श्वासाच्या नळ्या आवळतात. ज्याचं नाक सदा चोंदलेलं, ज्याले वास येत नाही, त्याच्यात हे जास्त दिसते. तासा-दोन तासांत दम लागते." मग कौसल्येकडे वळून, "कोरड्या दिवसांत कधी दम लागला होता? घरी?"

"नाही... हिवाळ्यात एकडाव लागला होता. पण तो थंडीचा."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही. दाढ दुखत होती."

"दाढ कशानं थांबली?"

कौसल्येनं माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं. "मी गोळी दिली होती. याच डब्यातली."

मला अजून आठवतं, मी डब्याचं झाकण लावत होते आणि ते बसत नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "आज चाय पी, कौसल्ये. नुसता चाय."

तोवर देवराम बायकोला न्यायला शेतात आला होता. दम लागणारच या खात्रीनं तो लवकर आला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "मंग आत्ता एक गोळी देऊन पहा ना. लागला दम, तं पक्कं समजन."

"तुह्या डोक्यात चिखल गेला का?" सिस्टर कडाडल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "जीव जाते त्यानं. तसली परीक्षा मोठ्या दवाखान्यात, डॉक्टर बाजूले उभे ठेवून होते. धुऱ्यावर नाही. आपण गोळी काढून पाहू. टाकून नाही पाहाचं."

पाच वाजले. साडेपाच. कोणाचं लक्ष पऱ्ह्यांत नव्हतं, सगळ्या कौसल्येच्या पाठीकडे पाहत होत्या. सहा वाजता सिस्टरनी तिला बोलावलं. ती चिखलातून चालत आली, धुऱ्यावर चढली, श्वास घेतला आणि मोजायला लागली. सातवर आली तेव्हा देवरामनं टोपी काढून हातात घेतली. ती थांबली नाही. पंधरा, वीस, अठ्ठावीस. सकाळी होते तेवढेच.

"चिखल निर्दोष आहे," सिस्टर म्हणाल्या आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी त्या कौसल्येला घेऊन लाखनीला गेल्या. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. आत द्राक्षासारखे कोंब वाढलेले होते. त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि सिस्टरचं म्हणणं बरोबर ठरवलं. या जातीच्या गोळ्या कायमच्या बंद. तसं एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, दुखलं तर कोणती गोळी, किती, तेही लिहून दिलं. नाकात मारायचा फवारा आणि रोज घ्यायचा पंप दिला. पंप पाहून देवराम पुन्हा अडला. "याची सवय लागते म्हणतात."

"तुले चष्म्याची लागली," सिस्टर म्हणाल्या. "तो फेकतोस का?"

त्या हंगामात टोळीनं अकरा शेतं रोवली. कौसल्येला एकदाही दम लागला नाही. फुटून गेलेल्या बाया तिसऱ्या दिवसापासून एकेक करून परत आल्या आणि कौसल्येनं प्रत्येकीला दोन शिव्या देऊन घेतलं. दिवाळीच्या सुमारास ती माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. "काकू, तुमच्या घरी भजे तळून राहिले," ती म्हणाली. "रस्त्यापासून वास आला मले." तिनं हे असं सांगितलं, जसं कोणी नोकरी लागल्याचं सांगतं. मी तिला भजी दिली. दुसरं काय करणार?

माझा डबा सिस्टरनी जप्त केला नाही. मला वाटलं होतं, त्या बोलतील. त्या फक्त एकदा म्हणाल्या, "वहिनी, बाकीच्या तेराजणींच्या पोटाचा अन् किडनीचा बी विचार करा. रोज गोळी म्हणजे फुटाणे नव्हेत." म्हणून मी डब्यात फुटाणे भरले. फुटाणे आणि गूळ. शिवाय तीन वाजता पंधरा मिनिटं सगळ्यांनी धुऱ्यावर आडवं व्हायचं, असा नियम केला. काम कमी होईल असं वाटलं होतं. झालं नाही. ज्यांनी माझं पाहून गोळ्या सुरू केल्या होत्या, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं, चूक माझी झाली. सिस्टर शेळीचं दावं घेऊन गेल्या होत्या, तशी मी रिकामा डबा घेऊन गेले. सोपं नव्हतं. पण करता येतं, हे मी त्यांच्याकडूनच पाहिलं होतं.

मागच्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही. "उपकेंद्राचा हातपंप दुरुस्त करा, हार नको," म्हणाल्या. आता त्या भंडाऱ्याला मुलाकडे असतात, आणि ऐकते की त्या गल्लीतही लोकांच्या उशा झटकत असतात. गावात त्यांची जागा दुसऱ्या सिस्टरनी घेतली, पण त्यांचा प्रश्न इथेच राहिला. माझी पाण्याची मोटार जळाली तेव्हा मिस्त्री काही बोलण्याआधी मीच गड्याला विचारलं, "त्याच्या आधी काय झालं होतं?" पन्नाशीनंतर शिकलेली एवढी उपयोगाची गोष्ट दुसरी नाही.

या साली रोवणीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना बोलावलं. पऱ्ह्यांची शेवटची पेंडी मालकिणीनं रोवायची आणि मग बायांनी तिला चिखलानं माखायचं, ही आमच्याकडची रीत. सिस्टर एसटीनं लाखनीला आणि तिथून ऑटोनं आल्या. पांढरं पातळ, रबरी बूट, मनगटाच्या आत घड्याळ. पिशवीत तीच जाड पुठ्ठ्याची वही.

मी पेंडी रोवली. कौसल्या बांधीच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली, "सिस्टरबाई, घड्याळ पहा!" तिनं श्वास घेतला आणि मोजायला लागली. वीसपर्यंत सगळ्या हसत होत्या. तिशीला गप्प झाल्या. पस्तीसनंतर बाकीच्या तेराच्या तेराजणी तिच्याबरोबर मोजू लागल्या, आणि धुऱ्यावर उभा असलेला देवरामही. एकेचाळीसला ती थांबली. गळ्याच्या शिरा ताठ, तोंडभर हसू.

"एकेचाळीस," सिस्टर म्हणाल्या.

"अन् त्याच्या आधी?" कौसल्येनं तिथूनच विचारलं.

"सात," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी वही उघडलीसुद्धा नव्हती.

मग कौसल्या वाकली. आम्हाला वाटलं, चिखल माझ्यासाठी आहे. ज्या चिखलावर दोन वर्षं आळ होता, त्याचा ओंजळभर गोळा तिनं उचलला आणि नेम धरून सिस्टर गजभियेंच्या पांढऱ्या पातळावर मारला. सिस्टरनी एकदा खाली पाहिलं, छत्री आणि वही माझ्या हातात दिली आणि बुटांसकट बांधीत उडी घेतली.